फॅट नंतर लागतं, साहेब

प्रोग्राम लिहायला बसण्याआधी ग्राहकाला नेमके काय हवे आहे, ते कागदावर उतरवावे लागते. आमच्या धंद्यात त्याला 'रिक्वायरमेंट' म्हणतात. श्रोतेहो, या कागदाने माझी एकदा चांगलीच फजिती केली.

वीसेक वर्षांपूर्वी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका दूध संस्थेसाठी आम्ही संकलनाचा प्रोग्राम केला. अध्यक्ष आणि सचिवांबरोबर चहा पीत तीन बैठका झाल्या. सभासद किती, गाय-म्हशीच्या दुधाचा दर कसा, दहा दिवसांच्या बिलातून पेंडीचे पैसे कसे कापायचे, सारे विचारून घेतले. नारळ फोडून उद्घाटनही झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे रांग देवळापर्यंत गेली. लिटर भरले की आमचा प्रोग्राम लगेच फॅट मागे. ते भरल्याशिवाय पुढचा सभासद घेतच नसे. माप घेणारा कारकून म्हणाला, "फॅट नंतर लागतं, साहेब. आधी माप घ्यायचं, नमुना बाटलीत काढायचा. गर्दी सरली की बाटल्या तपासायच्या." सचिवांना हे सांगण्यासारखे वाटलेच नव्हते, आणि कारकुनाला आम्ही विचारलेच नव्हते.

अशी चूक मोठ्या शहरातही होते. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने २६ ऑक्टोबर १९९२ रोजी गाड्या पाठवण्याची नवी संगणक यंत्रणा पूर्णपणे सुरू केली. कोणती गाडी कुठे आहे, मोकळी आहे का, याची जवळजवळ अचूक माहिती सतत मिळेल, हे तिच्यात गृहीत धरले होते. ती मिळेना, आणि मदतीसाठी फोन करणारे ताटकळत राहिले.

आम्ही मग चार दिवस मापाच्या टेबलाशेजारी बसलो. अर्ध्या तासात किती जण येतात? वीज गेली तर? चुकलेली नोंद कुणाच्या सहीने दुरुस्त होते? एका आजींनी विचारले, "बाळा, बाटल्यांची अदलाबदल झाली तर माझं फॅट दुसऱ्याच्या नावावर जाणार काय?" त्यांचे घर दोन म्हशींवर चालत होते आणि दर फॅटवर ठरत होता. बैठकांत हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. आम्ही बाटलीचा नंबर पावतीवर छापू लागलो.

कारकुनाने जुनी वही मात्र ठेवलीच. "लाईट गेल्यावर हीच चालते," तो म्हणाला. वहीतल्या नोंदी मागाहून भरता याव्यात म्हणून आम्ही त्याला एक वेगळा स्क्रीन करून दिला.