प्रश्न क्रमांक २८९



१९०६ साली मद्रास इलाख्यातल्या गुत्ती या गावी व्ही. रामस्वामी अय्यर नावाचे डेप्युटी कलेक्टर होते. नोकरी महसुलाची, ओढ भूमितीची. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असतानाच ते लंडनच्या ‘एज्युकेशनल टाइम्स’मध्ये गणितावर लिहू लागले होते. इतकं पक्कं लिहिणारा प्राध्यापकच असणार, असं तिकडचे संपादक धरून चालले आणि ‘प्रोफेसर’ ही उपाधी या विद्यार्थ्याला जन्माची चिकटली.

अडचण पुस्तकांची होती. परदेशी नियतकालिकं एकट्याच्या पगारात परवडणारी नव्हती आणि ती मिळतील अशी ग्रंथालयंही जवळपास नव्हती. १९०६च्या डिसेंबरात अय्यरांनी ओळखीच्या गणितप्रेमींना पत्रं लिहिली: वर्गणी काढू, पुस्तकं आणि नियतकालिकं मागवू, आपापसांत फिरवू. १९०७च्या एप्रिलमध्ये अवघ्या वीस सभासदांचा ‘अ‍ॅनॅलिटिक क्लब’ उभा राहिला. थोड्याच दिवसांत तो ‘इंडियन मॅथेमॅटिकल क्लब’ झाला आणि पुढे ‘इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’.

पुस्तकं ठेवायची कुठे? पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात. तिथे प्राचार्य होते रँग्लर र. पु. परांजपे, कोकणातल्या मुर्डीचा मुलगा, १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत अव्वल येऊन सीनियर रँग्लर झालेला पहिला भारतीय. संस्थेचं ग्रंथपालपण त्यांनी अंगावर घेतलं. एवढ्या मानाच्या माणसाने पुस्तकं सांभाळण्याचं काम पत्करलं, हे मला त्यांच्या रँग्लर होण्याइतकंच मोलाचं वाटतं.

पहिली दोन वर्षं सभासदांना नुसते प्रगती-अहवाल जात. १९०९ साली त्यांच्या जागी रीतसर नियतकालिक सुरू झालं. संपादक होते बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजचे एम. टी. नारायण अय्यंगार. म्हणजे संस्थापक मद्रास इलाख्यात, ग्रंथालय पुण्यात, संपादक बंगळूरला. सगळा कारभार टपालखात्याच्या भरवशावर.

या नियतकालिकात लेख असत, टिपणं असत आणि प्रश्नांचं एक सदर असे. वाचकाने प्रश्न घालायचा, दुसऱ्या वाचकाने सोडवायचा. माझ्या मते त्या काळातली सगळ्यांत मोलाची पानं हीच. लेख लिहायला तयारी लागते, मार्गदर्शक लागतो. प्रश्न घालायला कागद आणि डोकं पुरतं.

१९१० साली तिरुक्कोयिलूरला बदली झालेल्या अय्यरांकडे एक तरुण गणिताची वही घेऊन आला. एफ.ए.च्या परीक्षेत नापास झालेला, पदवी नाही, कारकुनाची जागा मागत होता. अय्यरांनी वही चाळली आणि नोकरी दिली नाही. महसूल खात्याच्या तळच्या पायरीवर ही बुद्धी गुदमरेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी मद्रासमधल्या गणितज्ञांच्या नावे चिठ्ठ्या देऊन त्याला तिकडे धाडलं. तरुणाचं नाव श्रीनिवास रामानुजन.

१९११ साली रामानुजनचे प्रश्न त्या सदरात येऊ लागले. त्यातला २८९ क्रमांकाचा प्रश्न असा: एक अधिक, दोन गुणिले पुढचं वर्गमूळ, त्या वर्गमुळात एक अधिक, तीन गुणिले त्यापुढचं वर्गमूळ, आत पुन्हा एक अधिक, चार गुणिले आणखी एक, असं अनंतापर्यंत. या सगळ्याचं वर्गमूळ किती? नियतकालिकाचे तीन अंक निघाले, सहा महिने गेले. कुणाचंही उत्तर आलं नाही. शेवटी रामानुजननेच ते दिलं: तीन. मर्म शाळकरी मुलालाही दाखवता येतं. तीन म्हणजे नऊचं वर्गमूळ आणि नऊ म्हणजे एक अधिक दोन गुणिले चार. त्यातला चार म्हणजे सोळाचं वर्गमूळ आणि सोळा म्हणजे एक अधिक तीन गुणिले पाच. मग पाचाला धरा, सहाला धरा. साखळी तुटत नाही. घरी जाऊन कागदावर करून पाहा.

त्याच वर्षी बर्नोली संख्यांवरचा रामानुजनचा पहिला मोठा लेख छापून आला, पण सहजासहजी नाही. पायऱ्या गाळलेल्या, मांडणी त्रोटक, रीत अनोळखी. सरावलेल्या वाचकालाही धागा सापडेना. नारायण अय्यंगारांना तो लेख नाकारता आला असता. त्यांनी तो पुन:पुन्हा लेखकाकडे परत पाठवला, दुरुस्त करून घेतला आणि मग छापला. १९१३च्या जानेवारीत रामानुजनने केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिलं, तेव्हा तो आपल्या देशातल्या गणिताच्या नियतकालिकात छापून आलेला लेखक होता. हार्डींचं नाव सर्वांना ठाऊक आहे. अय्यंगारांचंही असायला हवं.

हे नियतकालिक आजही निघतं. रामानुजनने त्यात पन्नासहून अधिक प्रश्न घातले आणि त्यांतल्या काहींवर गणितज्ञ पुढे कित्येक वर्षं काम करत राहिले.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यातले काही जण पुढे संशोधनात जातील आणि केव्हातरी परीक्षणासाठी दुसऱ्याचा लेख तुमच्या हाती येईल. पत्त्यात विद्यापीठाचं नाव नसेल, भाषा अडखळती असेल, पायऱ्या गाळलेल्या असतील. तो शेवटच्या पानापर्यंत वाचा. जिथे अडलात तिथे समासात लिहा, आणि नकार कळवण्याआधी निदान एकदा तरी दुरुस्तीसाठी लेखकाकडे परत पाठवा.