धामणीचे धनुष्य

(मंडळाच्या श्रावणातील बैठकीत केलेले भाषण)



धनुष्य म्हटले की आपल्याला सीतास्वयंवर आठवते. तेथे ज्याने धनुष्य मोडले त्याच्या गळ्यात माळ पडली. मी आज मोडता मोडता वाचलेल्या एका धनुष्याची हकीकत सांगणार आहे. मला व्याख्यान देता येत नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरात घडले तेच सांगा," म्हणून उभी राहिले.

आमची धाकटी आठवीत आहे. शाळेत खेळाच्या बाई मुलींना धनुर्विद्या शिकवतात. मुली पंचवीस आणि धनुष्ये दोन. एकेकीच्या वाट्याला दिवसाला पाचसहा बाण येतात. तेवढ्याने हात कसा बसणार? बाजारातले चांगले धनुष्य घेणे आमच्या आवाक्यातले नाही. पोरीने मात्र ध्यास घेतलेला. सातारची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला वयाच्या १७व्या वर्षी जगज्जेती झाली, त्या बातमीचे कात्रण तिने भिंतीला चिकटवले आहे. अदितीचे धनुष्य चाके बसवलेले, आधुनिक. पण राजस्थानातल्या आदिवासी घरातला लिंबाराम बांबूच्या धनुष्यावरच नेम शिकला आणि पुढे ऑलिंपिकपर्यंत गेला, हेही खेळाच्या बाईंनीच मुलींना सांगितले. तेव्हा साध्या धनुष्याने सुरुवात करण्यात कमीपणा नाही.

आमचे भावजी सुतारकाम करतात. त्यांच्या माळ्यावर धामणीची पाच फुटी काठी पडून होती. धामण आपल्या सह्याद्रीच्या रानात होते. लाकूड चिवट, वाकते पण सहसा मोडत नाही, म्हणून कावडीला आणि अवजारांच्या दांड्यांना ते वापरतात. ओले लाकूड भरभर वाळले की टोकांपासून तडकते. म्हणून भावजींनी दोन्ही टोकांना शेण लिंपून ती काठी दोन वर्षे सावलीत वाळवली होती. पुतणीसाठी त्यांनी ती खाली काढली.

धनुष्य करताना मी रोज कामे आटोपून बघत बसे. सालीकडची बाजू धनुष्याची पाठ. ती बाण सोडणाऱ्याच्या समोर, बाहेरच्या अंगाला येते. ताण सगळा तिच्यावर, म्हणून तिथले धागे कापायचे नाहीत, फक्त साल काढायची. तासायचे ते आपल्याकडचे अंग, म्हणजे पोट. मधे मूठ जाड ठेवायची आणि दोन्ही टोकांकडे हळूहळू पातळ करीत जायचे. मग मूठ भिंतीतल्या खुंटीवर ठेवून दोरी थोडी थोडी खाली ओढायची आणि दोन्ही अंगे सारखी वाकतात का ते लांबून पाहायचे. जिथे ताठ वाटेल तिथे पोटाकडून दोनचार हात तासणी फिरवायची, आणि पुन्हा ओढायचे. हे आठ दिवस चालले होते.

माघातली गोष्ट. दोरी वीसएक इंच ओढली गेली आणि 'कर्र' असा आवाज झाला. भावजींनी लगेच दोरी सैल केली. वरच्या अंगाला, मुठीपासून वीतभरावर, पाठीची एक ढलपी उचलली गेली होती. बोटभर लांब. लाकडाच्या आत एक बारीक गाठ दडलेली होती, तिच्याशेजारी धागे तिरके गेले होते. बाहेरून ती कुणालाच दिसण्यासारखी नव्हती.

पोरगी काही बोलली नाही, नुसती उभी राहिली. सासूबाई म्हणाल्या, "घाला आता ते चुलीत." भावजी मला म्हणाले, "वहिनी, दुसरी काठी आणली तर वाळायला पुन्हा दोन वर्षे हवीत." दोन वर्षांनी पोरगी दहावीत असेल. तेव्हा तिला कोण धनुष्य हातात धरू देणार?

पण नुसती हळहळ करून भागणार नव्हते. मोडके धनुष्य चिकटवून पोरीच्या हातात दिले आणि ऐन ताणात तुटले, तर तुकडा डोळ्यात जायचा. म्हणून मी भावजींना म्हटले, "वाचण्यासारखे आहे का ते आधी नीट पाहा. नसेल तर मीच चुलीत घालते."

भावजींनी दोन गोष्टी पाहिल्या. चीर आडवी असली, म्हणजे धाग्यांना छेदून गेली असली, तर ते धनुष्य टाकून द्यावे. चीर धाग्यांच्या अंगाने लांबट असली तर आशा असते. आमची लांबट होती, एका टोकाला जराशी तिरकी. दुसरे म्हणजे पोटाकडे आडव्या बारीक सुरकुत्या उठल्या आहेत का. त्या नव्हत्या. मग मी वातीच्या कापसाचा बोळा आणला आणि पाठीवरून हलकेच फिरवला. जिथे बारीकशी कूस उठली असेल तिथे कापसाचा तंतू अडकतो. डोळ्यांना न दिसलेली आणखी एक जागा अशी सापडली, त्या ढलपीच्याच पुढे.

सरस आदल्या रात्री पाण्यात भिजत घातला. तो कधीही थेट विस्तवावर ठेवू नये. पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून वितळवावा, उकळू देऊ नये, नाहीतर त्याचा चिकटपणा जातो. गरम सरस ढलपीखाली बारीक काडीने भरला आणि ढलपी दाबून बसवली. वरून गुंडाळायला दोरा हवा होता. आपले येवले पैठणीचे गाव. शेजारच्या वहिनींनी मागावरचे उरलेले रेशीम दिले. त्या इथे समोरच बसल्या आहेत. ते रेशीम दुहेरी पिळून, सरसात भिजवून, दोन्ही बाजूंना दोन दोन बोटे जास्त घेऊन मी गुंडाळले. दोऱ्याला दोरा लागून, मधे फट नाही. पहिले टोक गुंडाळीखाली दाबले, आणि शेवटचे टोक आधीच ठेवलेल्या फासातून ओढून आत घेतले, म्हणजे गाठ कुठेच येत नाही. चार दिवस तसेच वाळू दिले. सरसाला दमट हवा सोसत नाही, म्हणून वर लाखेचे पॉलिश दिले.

मला वाटले, झाले. पण भावजी म्हणाले, खरे काम पुढे आहे. दोऱ्याने ढलपी उठायची थांबते, पण लाकूड पूर्वीइतके बळकट होत नाही. दुखावलेल्या जागेवरचा भार कमी करायला हवा. त्यांनी त्या जागेला हात लावला नाही. तिच्या आजूबाजूचे पोट पातळ केले, म्हणजे वाकण्याचे काम दुसरीकडे वाटले गेले. आणि खालचे अंग, जे अगदी धडधाकट होते, तेही तासून वरच्याच्या बरोबरीला आणले. मी विचारले, "चांगल्या अंगाला का कमी करता?" ते म्हणाले, "एक अंग जोरकस आणि एक अंग नाजूक राहिले, तर नाजूक अंग रोज थोडे थोडे मरते." भगिनींनो, हे वाक्य मी स्वयंपाक करताना कितीदा तरी आठवले आहे. आपल्या घरांतूनही दमलेल्या माणसालाच आपण धीर धरायला सांगतो. धडधाकट माणसाने भार वाटून घ्यावा, हे सुचत नाही.

अशा वेळी टोके थोडी कापली तर गेलेला जोर परत येतो. पण आखूड धनुष्य जास्त वाकते, आणि तो ताण चिरेवरच यायचा, म्हणून ते केले नाही. पहिला विचार चोवीस इंच ओढीला चौदा किलो जोराचा होता. ताणकाट्याला लावून पाहिले तेव्हा नऊ भरला. पोरीच्या अंगाला नऊच पुरे, असे खेळाच्या बाईंनीही सांगितले.

तरी लगेच तिच्या हाती दिले नाही. धनुष्य खुंटीला लावून, बाजूला लांब उभे राहून, दोराने चाळीस वेळा पूर्ण ओढले. प्रत्येक दहा वेळांनंतर कापूस फिरवला. एकही तंतू अडकला नाही. मग पहिला बाण भावजींनी सोडला आणि दुसरा तिने.

आता नियम असे आहेत. काम झाले की दोरी उतरवायची. बाण न लावता दोरी ताणून सोडायची नाही, कारण बाणात जायचा सगळा जोर लाकडालाच बसतो. धनुष्य भिंतीला टेकून न ठेवता दोन खुंट्यांवर आडवे ठेवायचे. दर रविवारी कापूस फिरवायचा, आणि एक जरी तंतू अडकला तरी त्या दिवशी बाण नाही. पोरगी हे सारे न सांगता करते. आयते मिळालेल्या धनुष्याची तिने इतकी निगा राखली असती असे मला वाटत नाही.

ज्या भगिनींना मुलींसाठी असे काही करायचे असेल, त्यांनी जरूर घरी यावे. कापूस कसा फिरवायचा आणि गुंडाळी कशी घालायची ते मी दाखवीन.