‘विक्रांत’ची राखण
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



बीडमध्ये उभं राहून आरमारावर बोलायचं म्हणजे धाडसच. पाणी म्हटलं की आपल्याला बिंदुसरा आठवते, नाहीतर टँकर! पण आज ज्यांच्याविषयी सांगणार आहे, ते व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटीसुद्धा निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी गावात राहिले. तोही आपल्यासारखाच कमी पावसाचा मुलूख.

१९७१ च्या युद्धात आवटी ‘कामोर्ता’ या युद्धनौकेचे कप्तान होते. रशियात बांधलेली ही नौका विनाशिकेपेक्षा आकारानं लहान, पण काम त्याच जातीचं. पाणबुडी शोधायची, बुडवायची आणि मोठ्या जहाजाला जपायचं.

हे मोठं जहाज म्हणजे विमानवाहू ‘विक्रांत’. बंगालच्या उपसागरात आपली सगळी भिस्त तिच्यावर, आणि नेमका तिच्या चार बॉयलरांपैकी एक निकामी! त्यामुळे वेग कमी. विमान उडवायचं तर जहाजाला वाऱ्याकडे तोंड करून सरळ धावावं लागतं. तेवढा वेळ वळणं घेता येत नाहीत. पाणबुडीला याहून सोपं सावज ते कोणतं? पाकिस्तानची ‘गाझी’ तर ‘विक्रांत’च्याच मागावर विशाखापट्टणमपर्यंत आली होती. ३ डिसेंबरच्या रात्री ती बंदराबाहेर बुडाली, पण समुद्रात असलेल्या आपल्या ताफ्याला तेव्हा ते कुठं ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवसापासून ‘विक्रांत’च्या विमानांनी कॉक्सबाजार आणि चितगावावर हल्ले केले. ते आपण सगळ्यांनी वाचलंय. राखणीला असलेल्या नौकांबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. पाण्यात ध्वनिलहरी सोडायच्या आणि परत येणारा आवाज कान देऊन ऐकायचा. तो माशांचा थवा आहे की पाणबुडी, हे क्षणात ठरवायचं. चूक झाली तर काय होतं, ते ९ डिसेंबरला पश्चिमेच्या समुद्रात दिसलं. दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीनं आपली ‘खुकरी’ बुडवली. कॅप्टन मुल्ला यांच्यासह १९४ जण गेले.

आम्हा बँकवाल्यांना हे लवकर कळतं. वर्षभर काही भानगड झाली नाही, अशा शाखेचं नाव कुणी घेत नाही. ‘विक्रांत’ला अखेरपर्यंत पाणबुडी शिवली नाही. शत्रूच्या किनाऱ्यालगत, सुरुंगांच्या धोक्यात केलेल्या कामगिरीबद्दल आवटींना वीरचक्र मिळालं. माझ्या मते ते त्या ऐकत बसलेल्या खलाशांचंही होतं.

पुढे ते एनडीएचे कमांडंट झाले आणि पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख म्हणून १९८३ मध्ये निवृत्त झाले. पण माणूस गप्प बसणारा नव्हता बरं का! भारतीयानं, भारतातच बांधलेल्या शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांनी घेतला. नौदलाचे दिलीप दोंदे गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’ घेऊन निघाले आणि मे २०१० मध्ये मुंबईला परतले. आवटी तेव्हा ८२ वर्षांचे होते.