गोळ्या संपायच्या आधी

मी जबलपूर जिल्ह्यातल्या पाटनहून बोलतेय. आमचं हे गाव मटारासाठी ओळखलं जातं. जबलपूरला मात्र सगळे छावणीचं शहर म्हणून ओळखतात. ग्रेनेडियर्स, जॅक रायफल्स आणि सिग्नल्स यांची केंद्रं तिथंच आहेत. त्यामुळे या भागात फौजेतून निवृत्त झालेली घरं पुष्कळ. माझे यजमान हवालदार म्हणून निवृत्त झाले. ते गेल्यापासून मी फॅमिली पेन्शनवर आहे, आणि आसपासच्या बायकांचे कागद लावून देते. आज बोलायचंय ते ईसीएचएसबद्दल, आणि त्यातल्या त्यात औषधांबद्दल.

नोकरी चालू असते तोवर सैनिकाच्या बायकामुलांना मिलिटरी हॉस्पिटल असतं. निवृत्तीनंतरची सोय म्हणजे ईसीएचएस, माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना. ती १ एप्रिल २००३ला सुरू झाली. एकदाच पैसे भरायचे आणि जन्मभर उपचार घ्यायचे. १ जानेवारी १९९६च्या आधी निवृत्त झालेल्यांना आणि वीरपत्नींना तेही भरावे लागत नाहीत. वयाची अट नाही, जुना आजार असला तरी चालतो आणि खर्चाला वरची मर्यादा नाही. बाजारातला कुठलाही विमा साठीनंतर असं देत नाही, हे लक्षात असू द्या.

मग लोक अडतात कुठे? पहिला अडथळा नावाचा. पेन्शनच्या पीपीओवर एक नाव, आधारवर दुसरं, डिस्चार्ज बुकात तिसरंच. लग्नानंतर नाव बदललं, पण पलटणीत पार्ट टू ऑर्डर झालीच नाही. नवरा असेतोवर हे कुणाच्या लक्षात येत नाही. तो गेल्यावर बाई खिडकीपाशी उभी राहते आणि समोरचा म्हणतो, ही तुम्हीच कशावरून? हे मी स्वतः एका कार्यालयात ऐकलंय. म्हणून माझं सांगणं आहे, साहेब हयात असतानाच तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. फरक दिसला तर रेकॉर्ड ऑफिसला लिहा. कसं लिहायचं ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात.

मुलांचंही बघा. मुलगा पंचवीस वर्षांचा होईपर्यंत, कमवायला लागेपर्यंत किंवा त्याचं लग्न होईपर्यंत, यातलं जे आधी घडेल तोवर. मुलगी कमवायला लागेपर्यंत किंवा लग्न होईपर्यंत. आईवडिलांचं उत्पन्न महिन्याला ९००० रुपये अधिक महागाई भत्ता यापेक्षा कमी असेल, तर तेही कार्डावर येतात.

आता औषधं. पॉलिक्लिनिकचे डॉक्टर लिहितात, तिथल्याच फार्मसीतून गोळ्या मिळतात. पॅनेलवरच्या हॉस्पिटलातल्या तज्ज्ञानं लिहून दिलं असेल, तर तो कागद पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांना दाखवायचा. औषध शिल्लक नसलं की चिठ्ठीवर ‘एनए’ असा शेरा मारतात. अशा वेळी चिठ्ठी घेऊन मुकाट्यानं घरी येऊ नका. ते ठरवून दिलेल्या केमिस्टकडून मागवणार का, की आपण घेऊन बिल द्यायचं, हे तिथंच विचारा आणि शेरा मारलेला कागद जपून ठेवा. त्या कागदाशिवाय पैसे परत मागता येत नाहीत.

सगळ्यात काळजीची गोष्ट वेगळीच आहे. गोळीचा ब्रँड दर खेपेला बदलतो. मागच्या महिन्यात लाल पाकीट होतं, या महिन्यात निळं. आमच्याकडच्या एका काकूंनी दोन्ही सुरू ठेवल्या. दोन्हींत औषध एकच होतं, साखर कमी करणारं. दुपारी घाम फुटला, जीभ जड झाली आणि त्या ओट्यावरच बसल्या. सुनेनं साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. तेव्हा पाकिटावरचं मोठं नाव सोडा, त्याखालचं बारीक नाव वाचा. अ‍ॅम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड. ते नाव आणि मिलिग्रॅम सारखं असेल तर औषध तेच. डोळ्यांना दिसत नसेल तर नातवाकडून वाचून घ्या. घरी एका वहीत सगळी बारीक नावं लिहून ठेवा आणि प्रत्येक खेपेला ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.

पाटनहून जबलपूर तीसेक किलोमीटर. म्हातारं माणूस आज जातो, उद्या जातो करतं आणि रक्तदाबाची गोळी आठ दिवस खंडते. लकव्याला एवढं पुरतं. म्हणून दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की निघायचं, संपायची वाट बघायची नाही. साध्या विचारपूशीसाठी २७ मे २०२१पासून ‘सेहत’ ही ऑनलाइन ओपीडी आहे. मोबाइलवर डॉक्टरांशी बोलता येतं.

रात्री अचानक छातीत दुखलं तर रेफरलची वाट बघू नका, जवळचं हॉस्पिटल गाठा. पॅनेलवरचं असेल तर कार्ड दाखवा. पॅनेलवरचं नसेल तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा आणि प्रत्येक बिल, रिपोर्ट, डिस्चार्जचा कागद राखा. परतफेड सीजीएचएसच्या दरानं होते, त्यामुळे सगळे पैसे मिळतीलच असं नाही. हे आधीच माहीत असावं.

शेवटचे दोन प्रश्न, जे मला नेहमी विचारतात. पेन्शनसोबत महिन्याला हजार रुपये वैद्यकीय भत्ता मिळतो, तो ठेवावा का? ईसीएचएस घेतलं की तो बंद होतो. पण हजारात एक अँजिओप्लास्टी होत नाही, एवढंच मी सांगते. दुसरा, सत्तरी ओलांडलेल्यांना आता आयुष्मान भारतचं कार्ड मिळतं, ते घ्यावं का? ईसीएचएसवाल्यांना दोन्हींतलं एकच निवडावं लागतं. आयुष्मानमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंत, तेही भरती झाल्यावर. रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. कुणी शिबिरात अंगठा मागितला, तर आधी हे विचारा.

मंडळी, हे कार्ड उपकार म्हणून मिळालेलं नाही. त्यामागे तुमच्या घरातल्या माणसाची नोकरी आहे आणि तुम्ही एकटीनं काढलेली वर्षंही आहेत. आज संध्याकाळी ते कपाटातून काढा आणि त्यावरचं नाव वाचा. जय हिंद.