हुरड्याच्या आधीची ज्वारी

मुख्याध्यापिका बाई, शिक्षक मंडळी, पालकहो आणि तोंडाला रंग लावून, फेटे बांधून विंगेत ताटकळलेल्या बाळांनो,

तुम्हाला नाचायचंय, मला ठाऊक आहे. एकाच विषयावर बोलतो.

बाई म्हणाल्या, यंदा सहल शेतावर नेली होती. बैलगाडीत बसलो, हुरडा खाल्ला. छान केलंत. हुरडा मलाही आवडतो. जोडीला शेंगदाण्याची चटणी असली तर विचारूच नका. पण मी पडलो मंगळवेढ्याकडचा कोरडवाहू शेतकरी. हुरड्याच्या दिवशी येऊन शेती पाहिली म्हणणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत जेवून संसार कळला म्हणण्यासारखं झालं.

आमच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सामान्य ज्ञानाच्या परीक्षेत तेवढं लिहिलं की मार्क मिळतो. पण मजा पुढे आहे. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, काढणी फेब्रुवारीच्या आसपास. मधल्या काळात पाऊस जवळपास नाहीच, आणि माझ्या रानाला विहिरीचं पाणीही नाही. मग पीक पितं काय?

गुरुजी, हे फळ्यावर सांगू नका. डिसेंबरात पोरांना रानात आणा आणि हातात कुदळ द्या. वर ढेकळं, भेगा इतक्या की पट्टी आत घातली तर दिसेनाशी होते. वीतभर खणलं तरी कोरडंच. पोरं कंटाळतात, "काका, काही नाही इथं" म्हणतात. हातभर खाली गेलं की मातीचा रंग बदलतो. हाताला गार लागते, मुठीत दाबली की गोळा होतो. ही ओल पावसाळ्यातली. काळ्या रानाने ती धरून ठेवलेली असते आणि पिकाला शेवटपर्यंत तीच पुरवायची असते.

ती भेगांतून उडून जाते, म्हणून कोळपणी. पेरल्यापासून साधारण तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात. शेवटच्या खेपेला दातेरी कोळपं धरायचं. भुसभुशीत माती भेगांत पडते आणि त्या बुजतात. "एक कोळपणी, अर्धं पाणी" असं आमच्याकडे म्हणतात. पोरांनी पाठ केलेलं बाष्पीभवन समुद्रावर होतं, ढगात जातं आणि परीक्षेत संपतं. इथे ते पायाखाली चाललेलं असतं आणि ते थांबवायला माणूस कोळप्यामागे दिवसभर चालतो.

हाताच्या कामातून शिकवा, हे गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना द्या, असं आहे. त्यातले तीन दिवस एकाच शेताला द्या, एवढीच माझी मागणी. पेरणीला एकदा, कोळपणीला एकदा, काढणीला एकदा. दहा ठिकाणं बघून पोरांच्या हाती फोटो राहतात. आणि पाऊस दगा देईल त्या वर्षी सहल रद्द करू नका, त्या वर्षी तर नक्की आणा. कणीस न भरलेलं ताटही पोरांनी बघितलं पाहिजे. दाणा गेला तरी कडबा हाती लागतो आणि त्यावर जनावरं जगतात, हे तेव्हाच कळतं.

गणिताच्या बाईंनीही यावं. बाजारात माल घातला की हिशोबाची पट्टी मिळते. वर एकूण रक्कम, खाली हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा. त्यातून बी, खत, मजुरी पोरांनी काढू दे. शेकडेवारीचं याहून चांगलं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. उत्तर उणे आलं तर खोडू नका.

पोरांनो, तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या घरी शेती आहे, तरी "वडील काय करतात?" म्हटलं की आवाज खाली जातो. रानात मात्र तिफणीच्या चाड्यावर मूठ कशी सोडायची ते तुम्हीच दाखवणार, आणि शिकायची पाळी आम्हा मोठ्यांवर आणि सरांवर येणार.

तर काढणीला या. ज्वारी आम्ही मुळासकट उपटतो, तेव्हा हाताला फोड येतील. पूर्ण बाह्यांचे जुने कपडे घाला, कूस लागली की अंग खाजतं. डबा आणू नका, भाकरी आमच्याकडे. तारीख बाईंना फोनवर कळवतो. पीक कधी वाळेल ते आजच नक्की सांगता येत नाही.