पायाच्या कागदावरील आंकडे

घराची परीक्षा भिंती उभ्या राहिल्या त्या दिवशीं होत नाहीं. ती पहिल्या पावसाळ्यांत होते. मुळशीचा पाऊस तर सह्याद्रीच्या माथ्यावरचा. १९२१ सालीं सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं ज्या खोऱ्यानें आपल्या घरांसाठीं व भातखाचरांसाठीं धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्या खोऱ्यांत घराचें मोल कोणीं कोणास सांगावें?

मुलाचें लग्न ठरतें, नातवंडें येतात, आणि जुन्या घरास लागून एखादी खोली वाढविण्याचा प्रसंग येतो. इंजिनियर एक कागद देतो. त्यावर ‘एम १०’, ‘एम २०’, ‘कव्हर ५० मि. मी.’ असे आंकडे असतात. गृहस्थ तो कागद जपून ठेवतो आणि काम मात्र अंदाजावर सोडतो. हा अंदाजच पुढें महाग पडतो.

‘एम’ हें मिक्स, म्हणजे मिश्रण, या शब्दाचें आद्याक्षर होय. पुढील आंकडा ताकद सांगतो. एम २० काँक्रीटच्या १५ सें. मी. च्या घनानें २८ दिवसांनीं दर चौरस सेंटिमीटरास सुमारें २०० किलो दाब सोसावा, असा त्याचा अर्थ. सळया घातलेल्या कामास याहून हलकें काँक्रीट भारतीय मानक ४५६ यास मान्य नाहीं. एम १० हें पायाच्या तळाशीं समतल थर देण्यापुरतें ठीक.

एम २० चें रूढ प्रमाण एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग खडी. सिमेंटची ५० किलोची पिशवी सुमारें ३५ लिटर भरते. तेवढ्याच मापाचा लाकडी फरमा करून घ्यावा. घमेल्याचें माप दर हातास बदलतें. ओली वाळू फुगते, म्हणून ती मापांत थोडी अधिक धरावी.

खरा घात पाण्यानें होतो. एका पिशवीस ३० लिटरांहून अधिक पाणी नको, आणि त्यांत वाळूच्या अंगचें पाणीही आलें. पातळ माल ओतावयास सोपा असतो. परंतु जास्तीचें पाणी पुढें उडून जातें व मागें सूक्ष्म छिद्रें राहतात. त्यांतून ओल सळयांपर्यंत पोंचते, गंज चढतो, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. पायाच्या सळयांभोंवतीं ५० मि. मी. काँक्रीटचें आवरण सांगितलें जातें, तें याचसाठीं.

पाया काळ्या किंवा खाचराच्या मऊ मातीवर कधींही ठेवूं नये. ती ओलीनें फुगते व उन्हानें आक्रसते. कठीण मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणावें. मात्र जुन्या भिंतीलगत सबंध चर एकदम खणूं नये. त्या भिंतीचा पाया बहुधा दगडमातीचा असतो. त्याचा आधार सुटला तर नव्या खोलीपायीं जुनें घर खचेल. तुकड्यातुकड्यानें खणावें, आणि जुन्या पायाखालीं जाण्यापूर्वीं इंजिनियरास दाखवावें. नवें बांधकाम थोडें बसतेंच. म्हणून दोहोंमध्यें सांधा सोडावा.

जमिनीसाठीं मुरुमाची भर १५ सें. मी. च्या थरांनीं पाणी मारून धुमसावी. वर दगडी सोलिंग, त्यावर वाळूचा पातळ थर, ओल अडविणारा जाड प्लॅस्टिकचा कागद, आणि मग १० सें. मी. काँक्रीट घालावें. कच्च्या भरावावर घातलेली फरशी पहिल्याच पावसाळ्यांत पोकळ वाजूं लागते.

काँक्रीट वाळत नसतें, तें पाणी पिऊन पक्कें होत असतें. म्हणून साध्या सिमेंटास निदान ७ दिवस व राखमिश्रित सिमेंटास १० दिवस तें सतत ओलें ठेवावें.

भिंत वांकडी झाली तर डोळ्यांस दिसते. पाया एकदां मातीखालीं गेला कीं कोणासही दिसत नाहीं. म्हणून ज्या दिवशीं पाया भरावयाचा, त्या दिवशीं घरांतील एका जाणत्या माणसानें इतर सर्व कामें बाजूस ठेवून पाण्याच्या बादलीजवळ उभें राहावें.