सुखाची खुंटी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. लिहून काढताना दोन-चार ठिकाणी भर घातली आहे.)



मला विषय दिला आहे 'सुख आणि निर्णय'. मी काही मानसशास्त्राचा प्राध्यापक नव्हे. जिनिंगमध्ये रेच्यावर हयात गेली. पण वाचायची खोड आहे, आणि जे समजत नाही ते शिकलेल्या पोरांकडून समजावून घ्यायची लाज मला वाटत नाही. हा विषय आपल्या घरचा आहे. आपल्या माणसाचा संसार बसतो किंवा उठतो तो वर्षातल्या चार-दोन निर्णयांवर. माल कधी विकायचा, पैसे कोणाकडून उचलायचे, पोरीचं लग्न किती खर्चात करायचं, पोराला किती वर्षं शिकवायचं. निर्णय फसला की लोक म्हणतात, "अक्कलच नाही लेकाला." हे अक्कल नसणं कितपत खरं आहे, तेवढं आज पाहू.

पहिली गोष्ट सोयाबीनची. वाशिम जिल्ह्यात खरिपाला दुसरं पीक सांगावंच लागत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. तेव्हा बहुतेक कास्तकारांच्या घरात दाणा नव्हता. त्याच महिन्यात केंद्र सरकारने बारा लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली, आणि नवीन माल बाजारात येईतो भाव कोसळले. दहा हजार गेले, पण मनातून गेले नाहीत. भिंतीला खुंटी ठोकावी तसा तो आकडा डोक्यात बसला.

पुढच्या वर्षी, म्हणजे २०२२ च्या हंगामात, भाव पाच-साडेपाच हजार होता. सरकारचा हमीभाव ४३०० होता. हमीभावाशी ताडून पाहिलं तर हजार रुपये जास्तच मिळत होते. पण कास्तकार ताडून पाहत होता दहा हजारांशी, म्हणून त्याला तो साडेचार हजारांचा तोटा दिसत होता. पैसे तेच, कट्टा तोच. खुंटी कुठं ठोकली त्यावर नफा-तोटा ठरला. कित्येकांनी कट्टे घरात रचून ठेवले, इकडे उधारीचं व्याज चढत राहिलं. त्यानंतर भाव खालीच येत गेले. २०२४ च्या हंगामात हमीभाव होता ४८९२ आणि खुल्या बाजारात तेवढाही मिळेना.

डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की नावाच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली हे शास्त्रशुद्ध मांडलं. माणूस हातात किती आहे हे बघत नाही, मनात धरलेल्या आकड्यापेक्षा वर की खाली हे बघतो. आणि शंभर रुपये हरवल्याचं दुःख शंभर सापडल्याच्या आनंदापेक्षा सुमारे दुप्पट असतं. म्हणून तोटा कबूल करायला जीव धजत नाही, माणूस थांबून राहतो. काहनेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ट्वर्स्की त्याआधीच, १९९६ मध्ये वारले होते. आणि हे त्यांनी आपल्याकडच्या अडाण्यांवर पाहिलं नाही, विद्यापीठातल्या शिकलेल्या लोकांवर पाहिलं. तेव्हा अक्कल कोणाला नाही, हा प्रश्न जरा जपून विचारावा.

इथं एक सांगून टाकतो, नाहीतर गैरसमज व्हायचा. थांबणं म्हणजे चूक असं माझं म्हणणं नाही. २०२१ च्या दिवाळीआधी ज्यांनी घाईने विकलं ते हळहळले, कारण २०२२ च्या उन्हाळ्यात भाव सात हजारांपर्यंत गेला होता. बाजार कोणाच्या बापाला कळत नाही. पण का थांबलो, हे तरी आपल्याला सांगता आलं पाहिजे. "मागं दहा हजार होता" हे काही कारण नव्हे.

हीच खुंटी लग्नातही असते. शेजारच्या लग्नात पाचशे पानं उठली, मग आपल्याकडं सहाशे. पोराच्या स्पर्धा परीक्षेतही असते. "चार वर्षं घातली, आता कसं सोडू?" अरे बाबा, चार वर्षं गेली ती गेली. पाचवं घालायचं का, एवढाच प्रश्न उरतो. हे त्या पोराला घरात कोणीतरी मायेनं सांगायला पाहिजे, हिणवून नव्हे.

आता दुसरी गोष्ट, मला सगळ्यात जास्त पटलेली. तामिळनाडूत विल्लुपुरम आणि तिरुवन्नामलई भागातल्या ५४ गावांत, ४६४ ऊस लावणाऱ्या कास्तकारांची बुद्धीची परीक्षा घेतली. दोनदा घेतली. एकदा ऊस तोडायच्या आधी, घर खंक असताना, आणि एकदा ऊस जाऊन पैसे हातात आल्यावर. तोडणीआधी शंभरातल्या ७८ जणांनी काही ना काही गहाण टाकलेलं होतं. तोडणीनंतर शंभरात चार. माणूस तोच, शिक्षण तेच. पण नडीच्या दिवसांत त्याच माणसाला कमी उत्तरं आली, पैसे आल्यावर जास्त आली. हा अभ्यास २०१३ साली छापून आला. लिहिणाऱ्यांत आनंदी मणी आणि सेंथिल मुल्लईनाथन ही आपल्या देशातली नावं आहेत.

त्यांचं म्हणणं असं की उद्याच्या किराण्याची, हप्त्याची, दवाखान्याची चिंता डोक्यातली जागा अडवून बसते. उरलेल्या जागेत माणूस विचार करतो. भरलेल्या खोलीत खाट टाकायची म्हटलं तर कुठं टाकणार? आणि आपल्याकडचे मोठे निर्णय नेमके त्याच दिवसांत घ्यावे लागतात. पेरणी तोंडावर आली, घरात पैसा नाही, शाळा उघडल्या, त्यात कोणी आजारी पडलं. त्या वेळी सावकार जे म्हणेल त्याला मान डोलावली जाते. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना आत्महत्यांमुळे खास पॅकेज दिलं, त्यात आपला वाशिम होता. त्या घरांना लोकांनी काय-काय नावं ठेवली ते आपण ऐकलं आहे. मला ते तेव्हाही सहन होत नव्हतं.

खरं बोलायचं तर या अभ्यासाला विरोधी पुरावाही आहे. अमेरिकेत पगाराच्या आधी आणि नंतर अशीच तपासणी केली, ती २०१६ साली छापली, तिथं बुद्धीच्या कामात फरक दिसला नाही. मला वाटतं, महिन्याच्या पगाराची वाट पाहणं वेगळं आणि वर्षाच्या पिकाची वेगळी. पण हे माझं मत झालं.

मग पैसा आला की सुख येतं का? १९७८ साली अमेरिकेत लॉटरी लागलेल्या २२ जणांना विचारलं. ते शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा काही फार सुखी निघाले नाहीत. उलट न्याहारी, मित्राशी गप्पा, एखादा विनोद यातली त्यांची गोडी कमी झाली होती. खुंटी वर सरकली होती ना! हे उदाहरण कीर्तनात, प्रवचनात फार आवडीनं सांगतात. पण २२ माणसं म्हणजे कितीशी? पुढे स्वीडनमध्ये हजारो लॉटरीवाल्यांची माहिती तपासली, ती २०२० साली छापून आली. मोठं बक्षीस मिळालेले लोक दहा-दहा वर्षांनंतरही आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी होते. म्हणून पैशात सुख नाही असं कोणी सांगायला लागला की मी आधी बघतो, हा जेवून आला आहे का.

माता-भगिनींनो, तुमच्या बचत गटाकडं मी याच नजरेनं पाहतो. नडीच्या दिवशी दोन हजार रुपये विनाअपमान मिळणं म्हणजे डोक्यातली तेवढी जागा मोकळी होणं. पुरुषमंडळींनी गटाच्या पैशावर डोळा ठेवू नये, एवढी माझी हात जोडून विनंती.

आणि ज्यांच्याकडं दोन-चार एकर आहे त्यांच्यासाठी शेतमाल तारण कर्ज योजना आहे. राज्याचं कृषी पणन मंडळ ती १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत चालवतं. सोयाबीन, तूर, हरभरा गोदामात ठेवायचा. मालाच्या किमतीच्या पाऊण हिश्शापर्यंत कर्ज मिळतं, व्याज वर्षाला सहा टक्के, मुदत सहा महिने. म्हणजे घरची नड भागते आणि माल कधी विकायचा हे डोकं शांत ठेवून ठरवता येतं. माल आपल्या स्वतःच्या शेतातला लागतो, व्यापाऱ्याचा चालत नाही. आपल्या तालुक्याच्या समितीत ही योजना यंदा चालू आहे का, गोदामात जागा आहे का, हे काढणीच्या आधी जाऊन विचारून या. सातबारा, त्यावर पिकाची नोंद, आधार आणि बँकेचं पासबुक सोबत न्या. ज्यांना फॉर्म भरता येत नाही त्यांनी रविवारी सकाळी वंदनेनंतर थांबावं. मी असतो, आणि कॉलेजची दोन पोरं असतात.